आरतीच्या मानाचा तक्ता

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक प्रोग्रामर राहतो. बोलताना बोटाने हवेत चौकटी आखतो. गणपतीतल्या आरतीच्या मानाचा तक्ता सोसायटीच्या वेबसाइटवर तोच लावतो. "काका, ओळीचा साचा एकदाच लिहायचा. यादीत जेवढी घरं, तेवढ्या ओळी सर्व्हर स्वतःच तयार करतो," असं मला दरवर्षी उत्साहानं समजावतो.

यंदा सोसायटीचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "भाडेकरू वगळ, भावा."

"त्यासाठी वेगळी अट लिहावी लागेल, राव."

"मग लिही की!"

"येते लिहिता. पण लिहिणार नाही," तो हसत म्हणाला.

तक्ता तसाच लागला. तळमजल्यावरचा भाडेकरू कामगार त्याच्या मानाच्या दिवशी भोसरीच्या कारखान्यातली शिफ्ट बदलून आला. आरतीचं ताट हातात घेऊन त्यानं अध्यक्षांना विचारलं, "सुरू करू का, साहेब?"

अध्यक्षांनी टाळ उचलले.