खारटमामांची जीभ

पोहण्याच्या तलावाच्या पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र बिघडलं, की खारटमामांना बोलावत. मामांना मीटरचं वावडं. ते पाणी जिभेवर घेऊनच मिठाचं प्रमाण सांगत.

आज एका बंगल्यातल्या यंत्रावर 'मीठ कमी'चा लाल दिवा होता. मामांनी पाणी चाखलं, गोणीभर मीठ ओतलं. दिवा लालच. दुसरी गोणी ओतली, तरी तेच! बंगल्याचा मालक येरझाऱ्या घालू लागला.

शेवटी सोबत काम करणाऱ्या मामींनी पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं. "अहो, नुसतं मीठ झालंय! यंत्राच्या पट्ट्यांवर चुना साचलाय, म्हणून दिवा लागतोय. एवढं कळलं नाही?"

मामांनी पुन्हा पाणी तोंडात घेऊन घोळवलं आणि नकारार्थी मान हलवली.

मामींचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे तापातून उठल्यापासून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नाही, ते यामुळे होय?"