राठोड हवालदारांनी थांबवलेलं मानपत्र

आमच्या शाळेचे शिपाई लक्ष्मण राठोड टाचा जुळवून, छाती काढून घंटा देत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सेनगावजवळच्या तांड्यावरून सायकलीने येत. कुणाचं काम चुकलं की रागावत नसत. "चला, पुन्हा बराबर करू," म्हणून स्वतः हात लावत.

१९९९ साली कारगिलची लढाई जिंकल्यावर शाळेनं पंधरा ऑगस्टला त्यांचा सत्कार ठरवला. मी तिथला शिक्षक, म्हणून मानपत्र मी लिहिलं. एकाहत्तर साली ते बांगलादेशात लढले होते आणि तिथल्या एका पुलाचं काहीतरी सांगत, एवढंच मला ठाऊक. बाकीचं मी पदरचं घातलं.

"शत्रूच्या हातून पूल हिसकावून घेणारे वीर..." मी वाचलं. टाळ्या पडल्या. हवालदार खुर्चीतून उठले.

"गुरुजी, थांबा. त्यो पूल आमी न्हाई घेतला."

मुख्याध्यापक हसले. "हवालदार, एवढा विनय कशाला?"

"विनय न्हाई साहेब. खोटं होऊन राहिलं."

मग ते मुलांकडे वळले. "आपल्या बाजूनं लढणारे तिथले बंगाली व्हते. पूल त्यांनी घेतला. आमी पोचलो तवा लढाई सरली व्हती अन् ते नाचून राहिले व्हते. माझा जळफळाट झाला. बंदुका आमच्या, शिकवलं आमी, अन् मिरवून राहिले हे! तेवढ्यात त्यांच्यातला एक धावत आला. त्याचा सख्खा भाऊ पुलावर मरून पडला व्हता. त्यानं मला मिठी मारली. 'भाई, हम जीत गये,' म्हणाला. हम म्हणाला त्यो! मी तर एक गोळी बी झाडली नव्हती."

ते माझ्याकडे वळले. "मंग त्याच्या भावाला मी खांदा दिला. तेवढंच लिव्हा."

मी तिथंच ओळ खोडली, त्यांनी सांगितली ती लिहिली आणि वाचली. मगच त्यांनी शाल घेतली.

कार्यक्रमानंतर मी माफी मागायला गेलो. "तुमी मायेनं लिव्हलं गुरुजी," ते म्हणाले. "पण त्याची जागा मी कशी घेऊ?"

"त्या भावांची नावं काय होती?"

"विचारलीच न्हाई. आधी जळत व्हतो, मंग लाज वाटली."

पाच वर्षांनी ते वारले. अजूनही कुणाचं मानपत्र लिहायचं झालं, की मी आधी त्याच्या घरी जातो आणि विचारतो, "तुमच्या सोबत कोण कोण होतं?" नावं उतरवून घेतो.