मातीत विरघळणारी पिशवी

देवाचं निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नाही, हा डोंबिवलीच्या नंदाताईंचा नेम. त्या ते गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत पुरतात. गणपतीत मक्यापासून केलेल्या पिशवीवर ‘मातीत विरघळते’ असं वाचलं आणि निर्माल्य पिशवीसकटच पुरलं. शिमग्याला माती उकरली, तर पिशवी जशीच्या तशी आणि आत फुलांचा आंबलेला लगदा.

लगदा कुंडीतच काढून ठेवला; रिकामी पिशवी ओल्या कचऱ्याच्या गाडीवाल्याने प्लास्टिक म्हणून परत दिली. भंगारवाला म्हणाला, “काकू, ही मक्याची. आमच्यात नाही चालत.”

सून प्राचीने पिशवीवरचं बारीक इंग्रजी वाचलं. “आई, कारखान्यातल्या गरम खतातच विरघळते म्हणे.”

“मग मराठीत अर्धंच कशाला सांगितलं मेल्यांनी?”

देवाची क्षमा मागून त्यांनी लगदा हाताने मातीत कालवला. पिशवी मात्र धुऊन खुंटीला टांगली. टाकणार तरी कुठे?