अनसूयाकाकीचं जू

माझा भाऊ चोर होता.

हे टाकायच्या आधी त्यालाच विचारलं, फेसबुकवर लिहू का? म्हणे, "लिही नं बाई. खोटं थोडीच हाये."

काल सकाळी आमची अनसूयाकाकी गेली. नव्वदी ओलांडून, झोपेत, होळी तोंडावर आली असताना.

ती आमच्या नात्यातली नाही. वरवट बकालजवळच्या आमच्या लहानशा गावात गल्लीच्या टोकाला राहायची. ऐन तारुण्यात नवरा गेलेला, पदरात दोन पोरी, थोडं शेत आणि एक बैल.

महाराष्ट्र नवा नवा होता तेव्हाची गोष्ट. मी लहान होते. वसंतादादाला नुकती मिसरूड फुटली होती.

होळीला लाकडं चोरायची आमच्याकडे पद्धतच. कोणाचं फाटक, कोणाची मोडकी बाज. आणि एकदा होळीत पडलं की मालकानं परत मागायचं नाही.

त्या वर्षी दादा आणि त्याच्या दोस्तांनी काकीच्या गोठ्यातलं, बैलजोडीच्या मानेवर ठेवायचं जू आणून टाकलं. चांगलं, धडधाकट जू!

अख्खं गाव हसलं. शाबास बे पठ्ठे, म्हणून पाठी थोपटल्या. काकी तेवढी राखेकडे बघत उभी होती.

दादाला ती शाबासकी चढली, दुसरं काय.

होळी संपली, टोळी काही संपली नाही. आधी आंबे, मग कोंबड्या, मग विहिरीवरचे दोर. शेवटी लोकांच्या वखरांच्या लोखंडी पासा, म्हणजे पाती, काढून जळगावच्या बाजारात विकताना पकडले गेले.

आता कोणी हसलं नाही. बेदम मारलं. बाबांनी हातापाया पडून पासा परत आणून दिल्या, म्हणून ठाण्यापर्यंत गेलं नाही.

पण आमची सावड तुटली.

नव्या पोरांसाठी सांगते. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी जोडी जमवायचा. आज तुझं शेत, उद्या माझं. ती सावड. आमचाही एकच बैल होता. शेजारच्या किसनभाऊंनी बाबांना सरळ सांगितलं, तुमचा पोरगा माझ्या गोठ्यात पाय ठेवणार असेल तर मला जमणार नाही.

मृग तोंडावर, आणि सावड कोणीच करेना. पेरणी नाही म्हणजे वर्षभर खायचं काय?

बाबा दादाशी बोलेनात. गाव बोलेना. बोलायचे ते फक्त टोळीतले दोस्त. मग तो त्यांच्यातच जाऊन बसायचा. जाणार तरी कुठे?

त्यांचं ठरत होतं, कोणाची तरी बैलजोडी सोडायची आणि डोंगरापलीकडे बऱ्हाणपूरला विकून तिकडेच राहायचं. मी माझ्या कानांनी ऐकलं आणि आईला सांगितलं. पोरगा गेला तर परत येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशात एका सकाळी काकी दारात उभी. हातात कासरा, मागे तिचा पांढरा बैल.

बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. दादाला म्हणाली, "वसंता, माहं जू कुठी हाये?"

दादानं मान खाली घातली. "जाळलं, काकी."

"मंग नवं कर. तुहा बैल अन् माहा बैल. सावड करू."

बाबा पुटपुटले, वहिनी, लोकं नावं ठेवतील.

"लोकं मले पेरून देतीन का?"

संपलं. उपदेश नाही, शपथ नाही.

दादानं बाभळीचं जू केलं. भोकं तिरपी पडली. काकी म्हणे, राहू दे, बैलांना काय कळतंय. पुढे दादानं तिफण धरली आणि मागे काकी, ओटीत बियाणं घेऊन पेरत चाललेली. आधी तिचं शेत, मग आमचं. किसनभाऊ बांधावरून बघत राहिले.

संध्याकाळी टोळी शीळ घालायची. दादा आतूनच सांगायचा, "पहाटे बैल जुंपाचे हायेत बे."

आधी त्याला खूप चिडवलं. मग यायचे बंद झाले.

त्यांच्यातला एक पुढे जेलमध्ये गेला. तो माझ्या भावापेक्षा वाईट नव्हता हो. त्याच्या दारात कासरा घेऊन कोणी आलं नाही, एवढंच.

मी शिकले, अकोल्याला मास्तरीण झाले. पोरं का बिघडतात, कशी सुधारतात, यावर ट्रेनिंगमध्ये लेक्चर्स ऐकली. प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर काकीच यायची.

एकदा तिला विचारलंच, काकी, तू काऊन आली होतीस गं?

ती म्हणाली, "मले कोणाले सुधरवाचं नव्हतं बाई. मले पेराचं होतं. त्याच्याजवळ बैल होता."

लबाड! एका बैलाची घरं गावात आणखी होती. आणि ती साधीसुधी, बिनचोरांची होती.

माझ्या भावाचं घर, संसार, आईचं सुखाचं म्हातारपण, सगळं त्या एका सकाळीवर उभं आहे. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला फेडायचेही नाहीत.

पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आला. तिरप्या भोकांचं जू मात्र काकीनं ओसरीत भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आणि दरवर्षी होळी आली की नातवंडांसमोर दादाला हाक मारायची, "वसंता, माहं जू आत ठेव रे बापा. चोट्टे फिरून राह्यले." पोरं खिदळायची. दादाही हसत हसत जू उचलून आत ठेवायचा.

काल माणसं तिला पोचवून परतली. ओसरीत सगळे टेकले होते. दादा उठला. आता पंच्याहत्तरी गाठलेला, गुडघे दुखतात. कोणी हाक मारली नव्हती. त्यानं जू उचललं, आत नेऊन ठेवलं आणि तिथंच, त्याच्यावर हात ठेवून, लहान पोरासारखा रडला.

काकी, जू आत ठेवलंय गं.

निवांत जा.