मालकांनी अर्ध्यात मिटलेलं पुस्तक

त्या दिवशी घरात मी होते, थोरला दिलीप होता, सून सुरेखा होती, नात प्राजू होती आणि सैपाकघराच्या दाराशी खाटंवर आमचं मालक. मी भाकरी थापत होते, मालक मोठ्यानं वाचत होतं. मधीच पुस्तक मिटलं, चष्मा काढला. म्हणालं, "बास. ह्या टायमाला जमल्यालं न्हाय ह्येला."

दिलीप हसला, "आबा, तुमचा लाडका लेखक की ओ!"

"लाडका म्हणून नासका आंबा गोड म्हणू व्हय रं?"

आठवड्याभरात मालक गेलं...

मी सांगते, प्राजू लिवती. मी दुसरीतनं शाळा सोडल्याली. मालकांचा जलम शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं गेला, छाती तिथंच खराब झाली. मधी फौंड्री बंद पडली, तवा मी लोकांच्या उसात भांगलाय, तण काढाय जायची. घरात तेल नसायचं, पण वाचनालयातलं हेरांचं पुस्तक असायचंच. मी भाकरी थापायची, मालक चुलीम्होरं बसून वाचायचं. शेवटची भाकरी तव्यावनं उतरली की वाचन बंद. हेर कड्याला लटकत असला तरी बंद! "आता उद्या, भाकरीसंगट." मग पुढचं ऐकाय मी एक भाकरी जादा थापायची. त्यास्नी कळायचं. "आज पीठ लई मळलंय वाटतं," म्हणायचं आणि पान उलटायचं.

वंगाळ पुस्तक बी शिव्या देत देत संपवायचं. अर्ध्यात कवा सोडलं न्हाय. म्हणून त्या दिवशी मी म्हणलं, "पीठ हाय अजून."

तर म्हणालं, "ऱ्हाऊ दे."

पुस्तक वंगाळ निघालं म्हणून सोडलं, का पुढचं ऐकायची, बघायची इच्छाच सरली हुती... तेवढंच मला उमगत न्हाय. घरच्यांस्नी वाचाय लावलं तर मला बरं वाटंल तेच सांगत्यात.

पुस्तक भाकरीच्या बुट्टीशेजारी फळीवर हाय. मधी गोळ्यांची रिकामी पट्टी खूण म्हणून घातल्याली, ती मी हलवली न्हाय. भाकरी अजून बी रोज एक जादाच थापली जाती.

कोण पावणं उचगावला आलं तर घरी या. ती भाकरी खावा, पुस्तक न्या, शेवटापतूर वाचा. आणि माझ्याकडं न बघता खरं सांगा, पुस्तक वंगाळच हाय काय?