अण्णांना न सांगितलेली गाठ

डॉक्टर किडनीबद्दल सांगत होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, अण्णांना काय सांगायचं. विचार किडनीचा करायला हवा होता. तो मी केलाच नाही, आणि त्याचा राग अजून जात नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात रजिस्ट्री ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झाले. आई गेल्यापासून माझ्याकडंच असतात. मुतखड्याचा त्रास जुना, त्यात आमचं बोअरचं जड पाणी, त्यामुळं पोटात दुखलं की खडा हे घरात ठरलेलं. खड्यासाठीच सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीत गाठ निघाली. सीटी स्कॅन बघून सर्जन म्हणाले, बहुतेक कॅन्सर आहे, किडनी काढून टाकू. अण्णांना मी बाहेर बाकावर बसवलं होतं. बाहेर येऊन म्हटलं, "खडा मोठा आहे, ऑपरेशन करावं लागेल." इतकं सहज खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मोहोळहून आत्या आली. आमच्या घरात कॅन्सर झाला की तो सगळ्या भावकीला सांगतात, फक्त ज्याला झालाय त्याला सोडून. आत्या म्हणाली, "त्याच्या म्होरं नाव काढू नका बाई. हाय खाऊन मरंल की त्यो." पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तू म्हणशील तसं." जन्मभर हा हेच म्हणत आलाय, आणि निस्तरायचं मी.

मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी फारच आग्रह केला म्हणून रिपोर्ट दुसऱ्या, तरुण सर्जनना दाखवले. त्यांनी कागदावर किडनी काढली, कडेला एक छोटा गोल काढला. म्हणाले, "गाठ लहान आहे आणि कडेला आहे. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढू, बाकीची किडनी वाचेल. यांना साखर आहे, बीपी आहे. दुसरी किडनीही थोडी थकलेली दिसते. पुढं हा वाचवलेला भाग उपयोगी पडेल." रक्तस्रावाचा धोका थोडा जास्त, हेही त्यांनी लपवलं नाही. मग म्हणाले, "पण आधी मी त्यांच्याशी बोलणार. काय झालंय हे पेशंटला कळल्याशिवाय मी हात लावत नाही."

मला असा राग आला. म्हटलं, हा कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणारा? घरी येऊन भावाला सांगितलं, "थोडी काढण्यात धोका फार, उगाच जोखीम नको." धोका होता हे खरं, पण मी पहिल्या सर्जनकडं परत गेले ती त्यासाठी नव्हे. खड्यानं किडनी खराब झाली, काढून टाकली, हे अण्णांना पटण्यासारखं होतं. तुकडा काढायचा, मग दर काही महिन्यांनी स्कॅन करायचे, हे खड्याच्या गोष्टीत बसत नव्हतं. पूर्ण काढली तरी तपासण्या चुकत नाहीत, असं पहिल्या सर्जननीही बजावलं होतं. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खोटं टिकावं म्हणून मी एक किडनी देऊन टाकली, आणि तीही माझी नव्हती.

संमतीचा फॉर्म इंग्रजीत होता. अण्णा चष्मा शोधायला लागले. मी म्हटलं, "राहू द्या, मी वाचलाय." रजिस्ट्रीत लोकांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' म्हणून दरडावणारा माणूस. त्यांनी मी बोट ठेवलं तिथं सही केली.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ कॅन्सरचीच होती, पण पसरलेली नव्हती. आम्ही सुटलो असं वाटलं. तपासण्या मी टाळत राहिले.

दोन वर्षांनी पायांवर सूज आली. रक्तातलं क्रिएटिनिन बरंच वाढलेलं, म्हणजे उरलेली किडनीही थकत चाललेली. किडनीच्या डॉक्टरांनी अण्णांच्या समोरच जुनी फाइल उघडली आणि सरळ विचारलं, "कॅन्सरसाठी काढली ना ही?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

 घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "दुसरा काही उपाय होता?" मी सगळं सांगितलं, तो कागदावरचा गोलसुद्धा. म्हटलं, "तुम्ही घाबरला असता, अण्णा."

"घाबरलो असतोच की," ते म्हणाले. "लई घाबरलो असतो. पण ठरवलं असतं मी."

कदाचित त्यांनीही पूर्ण काढायलाच सांगितलं असतं. कदाचित वाचवूनही सूज आलीच असती. डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. या 'कदाचित'चा आधार घ्यावा असं खूप वाटतं, पण तो मला पुरत नाही.

आता पथ्य आहे, औषधं आहेत, डायलिसिस अजून तरी लांब आहे. अण्णा माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात, चहा मागतात, भाजी आणून देतात. मागच्या महिन्यात रिपोर्ट खरोखरच बरा आला. मी धावत जाऊन सांगितलं, "अण्णा, क्रिएटिनिन वाढलेलं नाही." ते "बरं" म्हणाले, चपला घातल्या, आणि रिपोर्ट घेऊन कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले, तिथल्या पोराकडून वाचून घ्यायला.