लाल काठ्यांची रांग

माझी आई द्वारकाबाई घाबरट आहे, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. एस.टी.त बसली की पाचोड येईपर्यंत डोळे मिटून घेते. पोस्टमन दारात उभा राहिला की पत्र हातात घ्यायच्या आधीच विचारते, "कोन गेलं?" वडील तिला चिडवायचे, "हिच्या सावलीलाबी हिची कीव येत असंल." अशा बाईने दोन वर्षं शिकल्यासवरल्या माणसांच्या संशोधनात खोट घातली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही, असं कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दोन हजार चौदाच्या पावसाळ्यात शहरातल्या एका संशोधन संस्थेची माणसं आमच्या वावरात आली. बांधावर झाडं लावली तर शेतकऱ्याला लाकडाचं उत्पन्न मिळतं का, पाल्यापाचोळ्याने जमीन सुधारते का, आणि मुख्य म्हणजे आमच्याकडच्या दुष्काळात ती झाडं जगतात का, हे त्यांना बघायचं होतं. वडिलांनी, म्हणजे बद्रीनाथांनी, दोन बांध दिले. शिवणीची साठ रोपं लागली. उत्तरेच्या बांधावरच्या तीस रोपांशेजारी निळ्या काठ्या रोवल्या, त्यांना दर आठवड्याला पाणी. दक्षिणेच्या, आमच्या घरासमोरच्या तिसांना लाल काठ्या. त्यांना दिवाळीनंतर थेंबसुद्धा द्यायचा नाही.

हे काम चारुता नावाच्या मुलीचं होतं. शहरात वाढलेली, ह्याच झाडांवर पीएच.डी. करणारी. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जीपने यायची, टेपने बुंधे मोजायची, वहीत लिहायची आणि आमच्याकडे पिठलं-भाकरी खाऊन जायची. पहिल्याच दिवशी तिने आईला बजावलं, "मावशी, लाल काठीवाली मेली तरी चालतील, पण पाणी नका देऊ. किती मरतात तेच मला मोजायचंय." आईने मान हलवली. ती सगळ्यालाच मान हलवते.

त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला. अशात आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखितीला आम्ही मेलेल्या माणसाच्या नावाने मातीची केळी, म्हणजे छोटी घागर, पाण्याने भरून पूजतो. दुसऱ्या दिवशी ते पाणी कुठेही फेकत नाहीत, झाडाच्या मुळाशी घालतात. आजोबांच्या नावाची केळी घेऊन आई दाराबाहेर आली, तर समोर पहिलंच झाड लाल काठीचं, पानं पार खाली टाकलेलं. चारुताचं बोलणं तिला आठवत होतं. पण सासऱ्याचं पाणी घेऊन तहानेल्या झाडाला ओलांडून पुढे जायचं कसं? तिने केळी तिथेच रिकामी केली. तिसऱ्या दिवशी पानांनी मान वर केली.

मग एकाला पाजलं आणि शेजारच्याला नाही, हे तिच्या जिवाला पटेना. धुण्याचं पाणी, भांडी विसळल्याचं पाणी, सगळं त्या बांधावर जाऊ लागलं. भर दुपारी जायची, चिटपाखरू नसताना. बावीस झाडांपर्यंत ती पोचायची. उरलेली आठ ओढ्यापलीकडे होती. तिथे हंडा घेऊन उतरायला तिचे गुडघे तयार नव्हते, आणि तिथून रस्ताही दिसायचा. त्या आठांचा पावसाळ्याआधीच कोळसा झाला. चारुताने वहीत लिहिलं की ओढ्यापलीकडे मुरूम आहे, जमीन वाईट.

मला हे कळलं ते पुढच्या उन्हाळ्यात. मी वाळूजला कंपनीत होतो, सुट्टीच्या दिवशी गावी यायचो. तेव्हा तर गावाला तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि त्यावर बायकांची झोंबाझोंबी व्हायची. अशा दिवसांत दुपारी मी आईला हंडा घेऊन बांधावर वाकलेली पाहिली.

"आई, काय करतीस?"

हंडा तिच्या हातातून सुटला. "सत्यम, कुनाला सांगू नको. तुला माझ्या गळ्याची शपथ हाय."

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. सरकारी कामात खोट घातली की पोलीस नेतात, असं तिने पाचोडच्या बाजारात कुणाकडून तरी ऐकलं होतं. जीपचा हॉर्न वाजला की ती हंडा कडब्याच्या गंजीत लपवायची. एकदा चारुताने एका बुंध्यापाशी ओल पाहून विचारलं, "इथं कसं ओलं?" तर आई म्हणाली, "कुत्रं मुतलं असंल." चारुता हसली, पण आई त्या दिवशी जेवली नाही.

"मग थांबव ना," मी म्हणालो.

"आता थांबवलं तर समदी एकदमच मरतील. मग तिला कळंल ना."

त्या दिवसापासून मीही भिऊ लागलो. मोटारसायकलवरून गावात शिरताना माझी नजर आधी दाराशी जीप आहे का ते शोधायची.

शेजारचे सांडूकाका म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांची मोसंबीची बाग दुष्काळात वाळून सरपण झाली होती. शहर तोवर सडकेच्या कडेकडेने आमच्याकडे सरकत आलं होतं, जिथे तिथे प्लॉटिंगच्या पाट्या. काकांकडेही एक जण वावर मागत होता. जूनच्या सुरुवातीला काका आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, नाय म्हनून सांगितलं मी त्याला. चार एकरात शिवन लावतो. चारशे खड्डे खांदून झाले."

"पानी?" आईने विचारलं. तिचा आवाज मला कसातरीच वाटला.

"पानी कशाला? तुमची बिनपान्याची जगली की दोन दुष्काळ! डोळ्यांनी पायलं म्या. एवढ्यावर नाय जमलं, तर मग इकून टाकीन आन् जाईन पोराकडं शहरातल्या छावनीत, वाचमनची नोकरी करायला."

काका गेल्यावर आई चुलीपुढे बसून राहिली. तव्यावरची भाकरी करपली. तिची पोलिसांची भीती आता लहान झाली होती. सांडूकाकांची चारशे झाडं वाळणार, वावर जाणार, आणि त्याचं मूळ तिच्या हंड्यात होतं. हे तिला कळलं होतं आणि मलाही.

चार दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात संस्थेची सभा झाली, ज्यांना रोपं हवीत त्यांची नावं लिहून घ्यायला. चारुताने भिंतीवर मोठा कागद लावला. "दोन दुष्काळी उन्हाळे. पाणी शून्य. तीसपैकी बावीस झाडं जिवंत," ती म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सांडूकाका उठून म्हणाले, "पयली चारशे रोपं माझी लिवा."

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला वाटलं, गप्प राहील ती. खरं सांगतो, तिने गप्प राहावं असंच मला वाटत होतं. मी माझ्या आईपेक्षा घाबरट निघालो.

बायकांच्या घोळक्यातून आई उठली. पदर इतका पुढे ओढला होता की तोंड दिसत नव्हतं. "भाऊजी, नका लिवायला लावू," ती म्हणाली. "त्या झाडांना म्या पानी घातलंय. दोन्ही उन्हाळे. ओढ्यापलीकडं मला जाता आलं नाय, म्हनून ती आठ मेली. तिथली जमीन चांगली हाय."

वडील तोंडावर हात धरून बसले. चारुताचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कागद भिंतीवरून काढला, घडी घातली, आणि आमच्या वावराकडे चालू लागली. आई तिच्यामागे, मी आईमागे. चारुता ओढा उतरून त्या आठ वाळक्या खुंटांपाशी गेली. एकेकाची साल नखाने खरवडली. आत कुठेही हिरवं नव्हतं.

"माझी दोन वर्षं गेली, मावशी," ती म्हणाली आणि रडू लागली.

"पोलिसात दे मला, पोरी," आई म्हणाली. "पर सांडूभाऊजींला झाडं नको देऊ."

चारुताने डोळे पुसून वही काढली. "किती पाणी घालत होतात?"

"येका झाडाला तांब्याभर. आठ दिवसांतून दोनदा."

तिने ते लिहून घेतलं. सांडूकाकांनी त्या साली चारशे खड्ड्यांपैकी साठच भरले, घरच्या सांडपाण्यावर जगतील तेवढेच. वावर विकलं नाही. आईशी मात्र ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

चारुताची संस्था त्या पावसाळ्यात पुन्हा आली. पुन्हा लाल काठ्या, नवी तीस रोपं, सगळी ओढ्याअलीकडे, आमच्या दारासमोर. मला वाटलं, आता आमच्यावर पहारा बसेल. चारुता आईला म्हणाली, "ही रांग तुम्हीच सांभाळायची. बाकी कुणावर माझा भरवसा नाही." आईने या वेळी लगेच मान हलवली नाही.

पुढची आखिती आली. दुसऱ्या दिवशी आई केळी घेऊन बाहेर पडली. लाल काठ्यांची अर्धी रोपं माना टाकून उभी होती. ती भीत भीत चालत होती, पायाखाली साप असावा तशी. पहिल्या रोपाशी थांबली, केळीच्या तोंडावर तळहात घट्ट दाबून धरला, आणि त्याला म्हणाली, "बाबा, तू मेलास तर मेलास. खोटं बोलून नको जगू." मग ती केळी तशीच धरून उत्तरेच्या बांधावरच्या निळ्या काठ्यांपर्यंत गेली.